राखीव गोलकीपरचा नवस

केळझरच्या गणपतीच्या पायऱ्या अर्ध्या चढून झाल्या, तरी पौर्णिमाला बोलायला जमलं नव्हतं. प्रमिलाबाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने नातीचं मनगट धरून चढत होत्या. मागून नीलेश, पौर्णिमाचा चुलतभाऊ, दुधाची कॅन आणि नारळाची पिशवी घेऊन येत होता. वर गुरुजी थांबले होते. सात वर्षांपूर्वी, पौर्णिमा अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळायला लागली तेव्हा, आजीने नवस बोलला होता. आज अभिषेक करून तो फेडायचा होता. संध्याकाळी आजीच्या गावी, सिंदीत, व्यापारी मंडळी पौर्णिमाचा सत्कार करणार होती.

फेडण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

पौर्णिमाचा जन्म ओहायोचा. मराठी मात्र आजीची, फोनवरून शिकलेली. सात हंगाम ती एका महिला संघात राखीव गोलकीपर होती. पहिली गोलकीपर टेसा. गोलकीपर दमली म्हणून तिला कोणी बदलत नाही. टेसाला लागलं तरच पौर्णिमाने मैदानात जायचं. सात हंगामांत ती एकूण अकरा मिनिटं खेळली, टेसाची भुवई फुटली त्या दिवशी. त्या अकरा मिनिटांत चेंडू तिच्याकडे एकदाच आला, तोही आपल्याच खेळाडूने मागे दिलेला. गेल्या महिन्यात संघाने तिला मोकळं केलं.

ती नुसती राखीव आहे, हे सिंदीत कोणाला सांगायची वेळ आली नाही, कारण पहिल्याच वर्षी आजीने सगळ्यांची समजूत घातली होती. नीलेशच्या मोबाइलवर सामना बघायला जमलेल्या बायकांनी विचारलं होतं, तुमची पोरगी कोट घालून बाकावर काऊन बसून राह्यली? प्रमिलाबाईंनी उलट विचारलं, आमच्या कापसाच्या दुकानात गादीवर कोण बसते? मालक. पळतात ते हमाल. बायकांना पटलं. पौर्णिमाला फोनवर हे कळलं तेव्हा ती हसली, आणि तिने ते दुरुस्त केलं नाही. पुढे दर वर्षी खरं सांगणं जास्त अवघड होत गेलं.

वळणावर आजी दम खायला टेकल्या. नीलेशला त्यांनी पुढे पाठवलं.

"आजी, नवस नको फेडू," पौर्णिमा म्हणाली. "मी खेळलीच नाई. मले नुसतं बसवून ठेवत होते. आता तेही संपलं."

प्रमिलाबाईंनी पदराने मान पुसली. मग पौर्णिमाने पुढचंही सांगितलं, जे तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. टेसा मैदानात पडली की बाकावरून सगळ्यांत आधी पौर्णिमा उठायची. लोकांना वाटे, किती काळजी आहे हिला. पण त्या क्षणी तिच्या छातीत काहीतरी आनंदाने उडी मारायचं. मग टेसा उठायची, धूळ झटकायची, बाकाकडे बघून अंगठा दाखवायची. दर रविवारी हीच टेसा तिला घरी जेवायला बोलवायची. जेवताना पौर्णिमाला तिच्याकडे बघवायचं नाही.

आजी म्हणाल्या, हे त्यांना पहिल्याच वर्षापासून माहीत होतं. छातीतलं नाही, बाकाचं. आपली पोरगी कधी खेळेल, असं त्यांनी नीलेशला विचारलं होतं. तो म्हणाला, त्या दुसरीचं हाडबिड मोडलं म्हणजे. गादीचं त्या बायकांना सांगायला ठीक होतं. सगळ्यांना सगळं कशाला सांगायचं.

"मंग सात वर्सं दर चतुर्थीले इथं येऊन तू मांगत काय होती?" पौर्णिमाने विचारलं.

वरून गुरुजींनी हाक मारली. प्रमिलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"चाल," त्या म्हणाल्या. "दूध नासन."

गाभाऱ्यासमोर पाट मांडला होता. ज्याच्यासाठी पूजा, त्याने बसायचं, म्हणून पौर्णिमाला बसवलं. गुरुजींनी तिच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं, अक्षता ठेवल्या आणि संकल्प सुरू केला. अर्ध्यात थांबून त्यांनी विचारलं, नाव काय घ्यायचं?

"टेसा," आजी म्हणाल्या.

गुरुजींनी पौर्णिमाकडे बघितलं. नीलेश पिशवीतले नारळ उगाच खालीवर करू लागला.

"हे नाई, ते दुसरी," आजी म्हणाल्या. "इच्यासाठी मांगाचं म्हनलं तं त्या पोरीचं हाड मोडा लागे. देवापुढं तसं मांगाले माह्यं तोंड नाई झालं. म्हनून म्हनलं, देवा, त्या पोरीचे हातपाय धड ठेवजो. ठेवले त्यानं. एकदा भुवई फुटली, पन त्या महिन्यात मी तापानं पडली होती, येनं झालं नाई."

मग नातीकडे न बघता, जरा खालच्या आवाजात त्यांनी जोडलं, की त्यात तुझं नुकसान झालं असेल तर झालं असेल.

पौर्णिमाने पाण्याच्या तळहाताखाली दुसरा हात धरला आणि थेंब सांडू दिला नाही.

गुरुजींनी आयुष्यात बरीच नावं घेतली होती. त्यांनी हेही घेतलं. पुढे मात्र अडले.

"गोत्र?"

प्रमिलाबाईंनी नीलेशकडे बघितलं. नीलेशने गुरुजींकडे. सात वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"आपलंच लावा, गुरुजी," पौर्णिमा म्हणाली.