नावापुढचा कंस

थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षातली ही दुपार. धाकटी बॉयलरखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत होती. खाली काहीतरी फुटल्याचा आवाज आत्ताच झाला होता, आणि खाली तिचे वडील पाळीवर होते.

घंटा वाजली नव्हती. ती तिनेच लावली होती, तीन आठवड्यांपूर्वी. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात ती वरच्या खोलीत संगणकावर बसायची. वाफेचा दाब मोजणारा प्रोग्रॅम विकत आणलेला, सीलबंद. त्याचं पोट कुणाला उघडता येत नव्हतं. पण संगणकाच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून त्याच्या हाती एखादं काम सोपवता यायचं. दाब लाल रेषेपुढे गेला की घंटा वाजव, एवढंच. तिने ओळ लिहिली, बटण दाबलं आणि खाली घंटा खणखणली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांचे पाळीवरचे जोडीदार, ज्यांना ती लहानपणापासून काका म्हणायची, त्यांनी सगळ्यांत जोरात. मॅनेजर म्हणाले, "बॉयलरवाल्याची पोर बॉयलरच्याही वरचढ निघाली."

आज पडद्यावर आकडा लाल झाला, तरी घंटा मुकी. तिने ती ओळ उघडून पाहिली. घंटा वाजवणाऱ्या फंक्शनचं, म्हणजे त्या कामासाठी लिहिलेल्या सूचनांच्या तुकड्याचं, नुसतं नाव द्यायचं होतं. तिने सवयीने नावापुढे कंस टाकला होता. नुसतं नाव दिलं तर प्रोग्रॅम ते जपून ठेवतो आणि वेळ आली की हाक मारतो. कंस टाकला की काम तिथल्या तिथे होऊन जातं, प्रोग्रॅमच्या हाती काहीच राहत नाही. अडीअडचणीला असावा म्हणून शेजाऱ्याला डॉक्टरचा नंबर द्यायचा, तर आपणच डॉक्टरला फोन लावून, बोलून मोकळं व्हायचं, तसला प्रकार. घंटा त्या दिवशी वाजली, म्हणजेच ती लागली नव्हती. हे कळतंय तोच खालून आवाज आला होता.

जिन्याच्या तळाशी वडील उभे होते. धडधाकट. भिंतीवरचं चाक फिरवून त्यांनी वाफ तोडली होती आणि अजून ते चाक सोडलं नव्हतं. बॉयलरखान्याच्या दारातून पांढरे लोट येत होते. ते बसेपर्यंत आत पाऊल टाकणं शक्य नव्हतं. तिने वडिलांचा दंड धरला.

"बाबा, चूक माझी आहे. ती घंटा वाजणारच नव्हती."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला?"

"तू लावलीस तेव्हा मी दाबाच्या काट्यासमोर उभा होतो. काटा निम्म्यावर, आणि ही ओरडतेय. म्हटलं, बिनकामाची ओरडणारी कामाला गप्प बसायची."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुझा हिरमोड झाला असता. म्हटलं, आपण काट्यावर डोळा ठेवू, झालं. दर पाच मिनिटांनी बघत होतो की मी."

"आणि आज?"

वडील दाराकडेच बघत होते. "आज दोन घास खायला बाहेर आलो. त्याला म्हटलं, काट्यापाशी बस. तर हसला. म्हणाला, आता कशाला डोळे फोडून घ्यायचे, आपल्या पोरीची घंटा आहे की."

तिने दंड सोडला.

"काका आत आहेत?"

काका त्याच दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी गेले.