दुसरी सीडी

"कुणालाही खरं वाटायचं नाही हे," नवनाथ म्हणाला, "पण त्या पोरानं उठून जो ठोसा हाणला ना, त्यानं धुळ्याच्या थेटरातला पडदा फाटला. टर्रकन. मी तिसऱ्या रांगेत होतो. पुढचे आठ दिवस चादर टांगून खेळ केले त्यांनी."

उशीला टेकून बसलेला त्याचा मुलगा कल्पेश हसला. त्याचं हसू हल्ली डावीकडं सुरू व्हायचं आणि तिथंच थांबायचं. भास्कर मात्र हसला नाही. त्यानं पिशवीतून एक सीडी काढून टीव्हीपुढं ठेवली. वापीत भंगारवाल्याच्या ढिगात सापडली होती. त्याच पिक्चरची. दुसरी.

"चला नवनाथशेठ," तो म्हणाला. "आज बघूच तुमचा पडदा कसा फाटतो."

भास्कर सिल्वासाजवळच्या डोकमर्डीत, नवनाथच्याच चाळीत शेजारच्या खोलीत राहायचा. सायली गावातल्या एका सूतकंपनीत दोघांनी शेजारशेजारच्या मशीनवर हयात घालवली होती. नवनाथच्या थापा ऐकून ऐकून त्याचे केस पिकले. कधीतरी याला रंगेहाथ धरायचं, एवढीच बिचाऱ्याची हौस. या थापेच्या पोटात काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पिक्चर एका कोळ्याच्या पोराचा. बॉक्सिंग शिकतो, मार खातो, मिसरूड फुटते, पुन्हा मार खातो. आला कधी, गेला कधी, कुणाला कळलं नाही. मोबाइलवर शोधला तरी सापडायचा नाही. कल्पेश लहान असताना नवनाथनं सिल्वासाच्या बाजारातून, फुटपाथवरून त्याच्या सीडींची डबी आणली. घरी येऊन उघडली, तर दोनपैकी एकच सीडी. ती संपायची ते पोरगं रिंगमध्ये पालथं पडलेलं असताना. रेफ्री आकडे मोजतोय, सहा म्हणतो, आणि टीव्ही निळा.

पुढं काय झालं म्हणून कल्पेशनं भोकाड पसरलं. नवनाथ काय सांगणार? तो हा पिक्चर बघायला कुठल्याच थेटरात गेला नव्हता. पण पोराचा चेहरा बघवेना. पुढं तो उठला, असं त्यानं सांगून टाकलं. मग दर वेळी तो उठायला लागला. एकदा त्याच्या ठोशानं समोरचा गडी रिंगबाहेर गेला आणि त्याचे बूट तेवढे आत राहिले. एकदा तर रेफ्रीच पळाला. बाप सांगत गेला, पोरगं ऐकत गेलं, आणि ऐकता ऐकता त्यानं हातात ग्लोव्हज चढवले.

दोन वर्षांपूर्वी सुरतेच्या स्पर्धेत कल्पेश तसाच पालथा पडला. कोपऱ्यात बापच उभा होता. पोरानं मान उचलून त्याच्याकडं पाहिलं. नवनाथ ओरडला, "ऊठ. तो उठला होता."

कल्पेश उठला. उठल्यावर जे ठोसे बसले, ते अजून डोक्यात ठाण मांडून आहेत. उजव्या हातात बशी राहत नाही. शब्द एकेक करून येतात, आणि कधी कधी वाटेतच बसून राहतात. आई कावेरी प्लास्टिकच्या कंपनीत दुसरी पाळी करते. ती गेली की बापलेक पहिली सीडी लावतात, आणि निळ्या टीव्हीपुढं नवनाथ पुढचं सांगतो. आपण उठलो तेच बरोबर होतं, एवढ्या एका समजुतीवर कल्पेश दिवस ढकलत होता. ती काढून घेतली तर त्याच्याजवळ उरणार काय?

नवनाथनं सगळे बहाणे करून पाहिले. प्लेयरची मोटर गरम झाली आहे. लाइट जाणार आहे. पोराच्या औषधाची वेळ झाली. पण भास्करनं सीडी आत सरकवलीसुद्धा.

मग नवनाथच्या मनात आलं, कुणी सांगावं, उठतही असेल. पिक्चरमध्ये उठतातच की. एवढ्या आयुष्यात आपली एक थाप खरी निघाली तर देवाच्या बापाचं काय जातं?

रेफ्रीनं सात म्हटलं. नवनाथला बघवेना. तो टीव्हीकडं पाठ करून, पोराच्या समोर उभा राहिला आणि त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं.

"बघ आता. गुडघा टेकला त्यानं. दोरी धरली. आता बघ हं, आता..."

मागून ठोशाचा आवाज येईना. पब्लिक गप्प झालं होतं. कुणीतरी पुरुष रडत होता. भास्करनं खाली बघत म्हटलं, "नवनाथ, राहू दे रे."

"ही नकली सीडी आहे," नवनाथचा आवाज चढला. "वापीचा माल. खऱ्या पिक्चरमध्ये तो उठतो. मी स्वतः पाहिलंय, तिसऱ्या रांगेतून..."

कल्पेशनं डाव्या हातानं बापाला बाजूला सारलं. बराच वेळ तो टीव्हीकडं बघत राहिला. मग त्याचे शब्द आले. एकेक करून, पण सगळे आले.

"तो नाही उठला, आप्पा. त्याच्या बापानं उठू दिलं नाही."