साडेपाच व्होल्ट

आरगॉन वायूने भरलेल्या काचपेटीच्या हातमोज्यांत तिचे हात कोपरापर्यंत गुंतले होते आणि नजर पडद्यावरच्या आलेखावर खिळली होती. बॅटरीसाठीच्या ज्या आयनी द्रवाने गेल्या वर्षी साडेपाच व्होल्ट सोसले, त्याने आज चारांवरच मान टाकली होती. मोजमाप जिच्या आधारे होई, ती चांदीची तार तिने तेव्हा पडताळलीच नव्हती. आज पडताळली.

"अगं, आपला साडेपाच व्होल्टांचा शोधनिबंध स्वीकारला त्यांनी!" मार्गदर्शक सर पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. "हात अडकलेत ना? मग आ कर."

पेढा तोंडात घोळवतच ती म्हणाली, "सर, तो आकडा चुकलाय. चारच खरा."

सरांनी आलेख निरखला, चष्मा पुसून पुन्हा निरखला.

"परत सांग," ते शांतपणे म्हणाले.

तिने तोंड उघडताच त्यांनी दुसरा पेढा आत कोंबला.