दारं आणि होड्या

“अगदी खरं सांगा हं, सर,” गॅलरीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. “पुढच्या वर्षी आम्हाला एकाच चित्रकाराचं प्रदर्शन ठेवायचंय. तारखा एकालाच देता येतील. तुमच्या मित्राला द्याव्यात का?”

दारवाला, स्वतःही चित्रकारच, खुर्चीत सावरून बसला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी असला प्रश्न! एकट्याचं प्रदर्शन त्याच्या नशिबात आजवर आलं नव्हतं. गेली बावीस वर्षं दोघांचं मिळूनच. याची दारं, मित्राच्या होड्या. म्हणून तर घरची मंडळी त्यांना दारवाला आणि होडीवाला म्हणत. लाकडी दारं, लोखंडी दारं, रंग उडालेली, कुलूप घातलेली. तिकडे होड्या किनाऱ्यावरच्या, दोराला बांधलेल्या, पालथ्या पडलेल्या. एका भिंतीवर दारं, दुसरीवर होड्या आणि मध्ये रिकामा हॉल. निमंत्रणपत्रिकेवर दरवर्षी ‘दोन मित्र, एक प्रवास’ असं छापलेलं असे. प्रवास कुठवर आला म्हणाल, तर त्याच हॉलपर्यंत.

प्रेक्षकांना तसा तोटा नव्हता. उद्घाटनाला दोघांच्या बायका येत, मेव्हणे येत, चहा मिळेपर्यंत शेजारीही थांबत. यंदा तर एका गृहस्थाने एका होडीसमोर चांगली वीस मिनिटं काढली. तो फोनवर बोलत होता, ही गोष्ट वेगळी.

मैत्री मात्र दृष्ट लागण्यासारखी. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या चित्रांना कधी नावं ठेवली नाहीत. नवी होडी दिसली की हा म्हणायचा, “वा, लेका, वा!” नवं दार दिसलं की तो म्हणायचा, “जबरदस्त!” मनात काय चालायचं, त्याला कोणी फ्रेम करत नव्हतं.

आता बाई उत्तराची वाट बघत होत्या. नुसतं ‘हो, द्या’ एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ तेवढी वळेना.

“माणूस म्हणून सोनं आहे हो,” दारवाला म्हणाला. माणसाला आधी सोनं म्हटलं की पुढे त्याची माती होणार, हे ठरलेलंच. “पण तुम्ही विचारताच आहात म्हणून सांगतो. त्याच्या होड्या जरा नीट बघा. एकीतही माणूस नाही. का? माणसाचे हात काढता येत नाहीत त्याला. कॉलेजात असल्यापासून येत नाहीत. म्हणून होड्या रिकाम्या. आणि वर सांगायचं काय, तर एकटेपणा रंगवलाय! पण हे बघा, माझं नाव मात्र घेऊ नका. शेवटी मित्र आहे.”

बोलून झाल्यावर त्याला कसं हलकं वाटलं. चोंदलेलं नाक मोकळं व्हावं तसं. थोडी लाज वाटली, नाही असं नाही. पण तिची समजूत पटकन पटली, कारण तोवर त्याच्या डोक्यात पुढच्या वर्षीचं प्रदर्शन सुरूही झालं होतं. चारही भिंतींवर दारंच दारं.

“बरं झालं सांगितलंत,” बाईंनी वही मिटली. “मग तारखा ते एक फोटोवाले मागतायत, त्यांना देऊन टाकते.”

“फोटोवाल्यांना? अहो, मी आहे ना!”

“तुमच्याबद्दल कालच विचारलं, सर. ‘माणूस सोन्यासारखा,’ असं उत्तर आलं. ‘पण त्याची सगळी दारं बंद का असतात, ते बघा. दार उघडं काढलं की आत काहीतरी दाखवावं लागतं. तेच त्याला सुचत नाही.’”

“कोण म्हणालं असं?” दारवाल्याचा आवाज एकदम चिरका झाला.

“नाव घेऊ नका म्हणालेत. पण खरं सांगू? तुम्ही दोघं सोडून मी तिसऱ्या कुणाला विचारलेलंच नाही.”

दारवाला बाहेर आला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. हलकट! बावीस वर्षं खांद्यावर हात ठेवला, तो जागा हेरायला! आपण आत्ताच काय बोलून आलो, हे आठवायला रागात सवड कोणाला असते? पण खरं दुखत होतं ते वेगळंच. होडीवाला बोलला त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. चार वेळा त्याने अर्धवट उघडं दार काढायला घेतलं होतं आणि चारही वेळा आतल्या काळोखापाशी अडकून ते पुन्हा बंद करून टाकलं होतं. ही गोष्ट त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हती.

होडीवाला हॉलमधल्या बाकावर एकटाच बसला होता. “काय रे, तोंड का उतरलंय?”

“तारखा गेल्या. कोणीतरी माझ्याबद्दल बाईंचे कान भरलेत. म्हणे, याची दारं बंद असतात, कारण आत काय दाखवायचं ते याला सुचत नाही.”

होडीवाल्याने बुटांकडे पाहिलं. “कोण म्हणालं?”

“नाव नाही सांगितलं त्यांनी.” दारवाला शेजारी बसला. मग म्हणाला, “तुझ्याबद्दलही कोणीतरी बोललंय. होड्या रिकाम्या असतात, कारण तुला माणसाचे हात जमत नाहीत.”

होडीवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तो समोरच्या भिंतीकडे वळला. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं.

“कोणीतरी जवळचाच असणार,” तो म्हणाला. “एरवी आपली चित्रं इतकी नीट कोण बघतं रे?”