पाच मिनिटं शांत

आठवड्याच्या तक्त्यात एकवीस रकाने होते आणि रक्तदाबाचा वरचा प्रत्येक आकडा दीडशेपेक्षा जास्त होता.

"मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसता ना, ताई?" आरोग्य अभ्यासासाठी आलेल्या मुलीनं विचारलं.

शालननं तक्त्यातल्या मोजायच्या तिन्ही वेळांकडे पाहिलं. सातला डबे, बाराला सासऱ्यांची अंघोळ, सहाला नळाचं पाणी. दंडाला पट्टा बांधला, की कुणीतरी हाक मारायचंच.

"मग तुमच्या सोयीची वेळ सांगा."

"तिला कसली वेळ? दिवसभर घरीच तर असते," सासूबाई म्हणाल्या.

शालननं पहाटे पाचपासून एकेक तास मनात तपासला. एकही तिचा निघाला नाही.

मुलीनं जुन्या वेळा खोडून 'अकरा' लिहिलं. "आजी, अकराला ताई दार लावून खोलीत बसतील. मध्ये हाक मारलीत तर नोंद बाद. मग मलाच महिनाभर रोज इथे येऊन बसावं लागेल."

"रोज? अगं बाई!"

दुसऱ्या दिवशी अकराला सासूबाईंनी स्वतःच बाहेरून दार ओढून घेतलं. शालननं आतून हळूच कडी लावली आणि खुर्चीत बसली. पाच मिनिटांनी पट्टा फुगला, सैल झाला.

वर एकशे चोवीस, खाली ऐंशी.