मधली दहा तारीख

संगणकाने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं : ही तारीख अस्तित्वात नाही.

नोंदणी कचेरीत तिला सगळे तारीखवाली म्हणत. मृत्यूंच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. चाळीस हजार नोंदी मुकाट चढल्या आणि एकच अडून बसली. ती नेमकी तिच्या बाबांची असावी, याला काय म्हणावं?

बाबा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. लांबच्या एका बेटावर ते बंदरात कामाला होते, तिथेच तापाने गेले. तिच्या वाट्याला आलेले बाबा म्हणजे भिंतीवरचा एक फोटो आणि वहीतली ही ओळ. तीही चार वर्षांनी, तिला शाळेत घालायच्या वेळी लिहिलेली. तिकडून कागद यायला उशीर झाला म्हणे. मामा तेव्हा याच कचेरीत कारकून होता. त्याचं मोत्यासारखं अक्षर तिने लगेच ओळखलं.

सोमवारी जुन्या वह्या तळघरात जाणार होत्या. संगणकाने नाकारलेली नोंद त्यानंतर रद्द धरली जाणार होती. आपल्याच प्रोग्रामने बाबांना पुसून टाकावं, हे तिला सोसवेना.

तिने साहेबांना दाखवलं. जुन्या तारखा म्हणजे डोक्याला ताप, असं साहेबांचं म्हणणं. कुठल्याशा सरकारने कधी घड्याळं अर्धा तास पुढे केलेली असतात, कधी मागे. मग प्रोग्राम मध्यरात्रीचे साडेअकरा करतो आणि माणूस एक दिवस आधीच मरतो. हे तिला माहीत होतं. गेल्याच महिन्यात तिने असे तीनशे मृत्यू जागेवर आणून ठेवले होते. पण ही तारीख सरकत नव्हती, सरळ नाहीच म्हणत होती.

ठिकाण म्हणून तिने आपलं शहर टाकून पाहिलं. वहीतली दहा तारीख बिनतक्रार चढली. बंदराचं नाव टाकलं की पुन्हा नकार. बंदराला नऊ चालत होती, अकरा चालत होती, मधली दहा तेवढी वर्ज्य. तिने वर्ष तपासलं, महिना तपासला, चष्मा पुसून वही पुन्हा वाचली. डोकं पार चक्रावून गेलं.

"शहराचं नाव टाक आणि मोकळी हो," साहेब म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"नको साहेब. बाबा तिथे गेले. ठिकाण तरी खरं राहू दे."

शेवटी शनिवारी सकाळी तिने बंदराच्या नोंदणी कचेरीला फोन लावला. तिथला म्हातारा कारकून आधी मनसोक्त हसला.

"दहा तारीख शोधताय? ती सापडायची नाही, बाई. त्या वर्षी सरकारने आमचं बेट एक अख्खा दिवस पुढे नेलं, शेजारच्या देशाशी वार जुळावेत म्हणून. आम्ही नऊला झोपलो ते अकराला उठलो. दहा तारखेला इथे कोणी जन्मलं नाही की मेलं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे प्रोग्राम शहाणा होता, तीच उगाच त्याच्याशी भांडत होती. मामाला इथे बसून तिकडची ही भानगड कुठून कळणार? त्याने ऐकीव तारीख लिहिली असणार. आता नऊ की अकरा, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते आईशिवाय कोण सांगणार? मामाला जाऊन तर पाच वर्षं झाली होती. तिने लगेच घरी फोन केला.

"आई, बाबा नक्की कोणत्या तारखेला गेले?"

"दहा. वहीत लिहिलंय ना मामाने?"

"अगं, पण तिथे त्या वर्षी दहा तारीख झालीच नाही. नऊची एकदम अकरा झाली. आत्ताच विचारलं मी तिथल्या कचेरीत."

पलीकडे घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"आई? नऊ की अकरा?"

"पेन आहे का जवळ?" आई म्हणाली. "बाबांचा पत्ता सांगते, लिहून घे."