सहाव्या टाकीची वही

दार उघडून समोर सरांना पाहताच बाईंनी मान खाली घातली.

“कळलं वाटतं तुम्हाला,” त्या पुटपुटल्या.

“कळलं. दोन वर्षं उशिरा कळलं.”

बाई सरांच्या प्रयोगशाळेत बेडकांच्या टाक्या सांभाळायच्या, पाण्याचं तापमान रोज वहीत लिहायच्या. सहाव्या टाकीत सरांनी मुद्दाम जुळवलेल्या जोडीची पिल्लं होती. जनुकं पाहता त्या झाडून सगळ्या माद्याच व्हायला हव्या होत्या. निघाले निम्मे नर. “टाक्यांची सरमिसळ केलीत!” सर चारचौघांत ओरडले होते. बाईंनी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम सुटलं.

“हात बघा कसे बर्फ झालेत,” बाईंनी गरम पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. “आधी हे धरा.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाकलून दिलेल्या बाईने आपली काळजी करावी!

“बाटल्यांत ठेवलेल्या त्या नरांची जनुकं मागाहून तपासली,” ते खाली बघत म्हणाले. “सगळ्या माद्याच. अंगं तेवढी नराची झाली.”

“म्हणजे जन्माच्या लेकीच म्हणा की.”

“लेकीच. सरमिसळ झालीच नव्हती. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, बाई. कोणत्या तोंडाने माफी मागू?”

“जाऊ द्या, सर.”

“कसं जाऊ देऊ? तुमच्या वहीनेच तर मला तारलं.” सरांनी पिशवीतून शोधपत्रिकेचा नवाकोरा अंक काढला. “पाणी कोमट असलं की या जातीत माद्यांचे नर होतात, हे जुनंच आहे. पण आपल्या टाकीत रोज अठरा अंश, तुमच्या अक्षरात. एक दिवस चुकलेला नाही. म्हणजे गार पाण्यातही हे घडतं! आजवर कुणाला दिसलं नव्हतं. परवाच छापून आलं. शेवटी तुमचे आभार मानलेत, बघा.”

बाईंनी अंकाला हात लावला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“आकडा मी सकाळी आल्या आल्या लिहायचे, सर,” अखेर त्या म्हणाल्या. “मग दिवसभर किटलीतलं ऊन पाणी ओतायचे. पिल्लं गारठलेली बघवायची नाहीत मला.”